दोन सर्व्हिसिंगच्या दरम्यान इंजिनातील तेल कमी का होते?

मोटारीच्या इंजिनातील तेल ठरल्या वेळी बदलले की पुढील सर्व्हिसिंगपर्यंत त्याची चिंता करण्याचे कारण नाही, असा वाहनधारकांचा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात रस्त्यावर धावणारे प्रत्येक इंजिन थोडेफार तेल जाळत असते. सुस्थितीतील इंजिनात ही घट इतकी अल्प असते की ती सहसा लक्षातही येत नाही. काही इंजिनांत मात्र सर्व्हिसिंगची तारीख येण्यापूर्वीच तेलाची पातळी किमान खुणेच्या खाली जाते. तेलाअभावी बेअरिंग जळून इंजिन जाम झाल्यास दुरुस्तीचा खर्च मोठा असतो आणि जुन्या गाडीच्या बाबतीत तो परवडेलच असे नाही. म्हणूनच तेल का जळते, किती जळणे स्वाभाविक मानले जाते आणि केव्हा सावध व्हावे, हे वाहनधारकाने जाणून घेणे हिताचे ठरते.

पिस्टनच्या रिंगांचे काम

इंजिनाच्या तळाशी असलेल्या चेंबरमध्ये तेल साठवलेले असते. पंपाच्या साहाय्याने ते सर्व फिरत्या भागांपर्यंत पोहोचवले जाते. सिलिंडरमध्ये वर-खाली होणाऱ्या प्रत्येक पिस्टनभोवती सहसा तीन रिंगा असतात. वरच्या दोन रिंगा ज्वलनातून निर्माण होणारा दाब रोखून धरतात, तर तिसरी रिंग सिलिंडरच्या भिंतीवर उडालेले जादा तेल खरवडून खाली चेंबरमध्ये परत पाठवते.

ही रिंग सर्व तेल खरवडून काढत नाही आणि तशी अपेक्षाही नसते. भिंत पूर्णपणे कोरडी झाली तर धातूवर धातू घासून रिंगा काही वेळातच निकामी होतील. यासाठी सिलिंडरच्या आतील पृष्ठभागावर एकमेकींना छेदणाऱ्या अतिसूक्ष्म रेघा मुद्दाम कोरलेल्या असतात आणि त्यांत तेलाचा पातळ थर टिकून राहतो. पिस्टन खाली जातो तेव्हा हा थर ज्वालेसमोर उघडा पडतो. त्यातील काही अंश वाफ होऊन इंधनासोबत जळतो.

हे प्रमाण किती सूक्ष्म असते, याची कल्पना एका साध्या हिशेबावरून येऊ शकेल. ताशी 60 किलोमीटर वेगाने 1000 किलोमीटर प्रवास करणाऱ्या गाडीचे इंजिन मिनिटाला 2500 फेरे घेत असेल, तर त्या प्रवासात त्याचे सुमारे 25 लाख फेरे होतात. चार सिलिंडरच्या इंजिनात तेवढ्या अवधीत 50 लाख वेळा ज्वलन घडते. या प्रवासात 100 मिलिलिटर तेल कमी झाले असे मानले, तर सुमारे अडीच हजार ज्वलनांमागे तेलाचा केवळ एक थेंब खर्ची पडलेला असतो.

तेल निसटण्याच्या अन्य वाटा

रिंगांखेरीज इतर मार्गांनीही तेल ज्वलनकक्षात पोहोचते. वॉल्व्हच्या दांड्यांवर बसवलेली रबरी सील कालांतराने कडक होतात आणि त्यांच्या कडेने तेल आत झिरपू लागते. लांबलचक घाट उतरताना चालक ॲक्सिलरेटरवरून पाय काढून गाडी गिअरमध्ये ठेवतो, त्या वेळी पेट्रोल इंजिनाच्या हवा घेण्याच्या नळीत मोठी निर्वात ओढ निर्माण होते. सील अथवा रिंगा झिजलेल्या असल्यास या ओढीमुळे तेल वर खेचले जाते.

पिस्टनच्या कडेने काही वायू खाली चेंबरमध्येही उतरतात. प्रदूषण टाळण्यासाठी हे वायू बाहेर न सोडता पुन्हा इंजिनाच्या हवेत मिसळले जातात. त्यांच्यासोबत तेलाचे सूक्ष्म तुषारही जातात. ते अडवण्यासाठी असलेली झडप किंवा विभाजक तुंबला, तर तेलाचा खप अचानक वाढतो. टर्बोचार्जर असलेल्या गाड्यांत आणखी एक वाट असते. टर्बोचा दांडा मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो आणि त्याचे बेअरिंग इंजिनाच्याच तेलावर चालते. तेथील सील झिजल्यास तेल थेट हवेच्या मार्गात उतरते.

तेलाचा स्वतःचा गुणधर्मही महत्त्वाचा असतो. तेलातील हलके घटक उष्णतेने उडून जातात. हे मोजण्यासाठी तेल 250 अंश सेल्सिअसवर एक तास तापवण्याची नोआक चाचणी जगभर वापरली जाते. मोटारींच्या तेलासाठीच्या अनेक प्रचलित मानकांनुसार या चाचणीत 15 टक्क्यांहून अधिक तेल उडून जाता कामा नये.

इंधनबचतीची किंमत

इंजिने अधिक प्रगत होत असताना ही समस्या संपुष्टात यायला हवी होती, असे वाटणे साहजिक आहे. मात्र इंधनाची बचत आणि तेलाची बचत या दोन उद्दिष्टांत काही अंशी विरोध आहे. इंजिनातील घर्षणाचा मोठा वाटा पिस्टन व रिंगांचा असतो. तो कमी करण्यासाठी उत्पादकांनी भिंतीवर कमी ताणाने टेकणाऱ्या रिंगा आणल्या, तसेच 20 डब्ल्यू 40 सारख्या दाट तेलाऐवजी 5 डब्ल्यू 30 किंवा 0 डब्ल्यू 20 अशी पातळ तेले वापरात आणली. यामुळे इंधन वाचते, परंतु रिंगेच्या खाचेत काजळी साचून ती अडकली, की तेल रोखण्याची तिची क्षमता झपाट्याने घटते.

याची उदाहरणे अमेरिकेत पाहावयास मिळाली. टोयोटाच्या 2.4 लिटर पेट्रोल इंजिनाच्या काही गाड्यांत तेलाचा खप वाढल्याच्या तक्रारी आल्यानंतर कंपनीने 2015 मध्ये पिस्टन व रिंगा बदलून देण्यासाठी वाढीव हमीची योजना जाहीर केली. सुबारूच्या काही इंजिनांबाबत असाच वाद न्यायालयात गेला आणि 2016 मधील तडजोडीनुसार संबंधित गाड्यांची हमी वाढवण्यात आली.

किती खप स्वाभाविक?

याचे सर्वांना लागू पडणारे एकच उत्तर नाही. अनेक उत्पादकांच्या मते 1000 किलोमीटरमागे अर्ध्या लिटरपर्यंतचा खप मर्यादेत मोडतो, तर काहींनी ही मर्यादा एक लिटरपर्यंत मानली आहे. गाडी नवी असताना रिंगा भिंतीवर नीट बसेपर्यंत पहिले काही हजार किलोमीटर खप अधिक राहू शकतो.

या मर्यादेचा अर्थ वाहनधारकाने नीट ध्यानात घेणे आवश्यक आहे. भारतातील अनेक छोट्या मोटारींच्या चेंबरमध्ये साधारण तीन ते साडेतीन लिटर तेल मावते आणि तेल बदलण्याचा कालावधी सहसा 10,000 किलोमीटर अथवा एक वर्ष असतो. 1000 किलोमीटरमागे 300 मिलिलिटर, म्हणजे उत्पादकाच्या मर्यादेच्या आत खप असलेल्या गाडीतही या अवधीत तीन लिटर तेल संपू शकते. कागदोपत्री निर्दोष असलेले इंजिन पुढील सर्व्हिसिंगपूर्वीच कोरडे पडण्याची शक्यता असते, ती यामुळेच.

शहरातील फसवी पातळी

गाडी शहरात फिरत असताना तेल कमी होत नाही, मात्र महामार्गावरील एका प्रवासानंतर ते एकदम घटलेले दिसते, असा अनुभव अनेकांना येतो. छोट्या अंतराच्या प्रवासात इंजिन पुरते तापत नाही. न जळलेले थोडे इंधन व पाण्याचा अंश चेंबरमध्ये उतरून तेलात मिसळतो. तेल जळत असले तरी त्याची जागा इंधन घेत असल्याने पातळी कायम दिसते. लांबच्या प्रवासात तेल तापले की हे इंधन व पाणी उडून जाते आणि खरी पातळी उघड होते. म्हणून दीर्घ प्रवासापूर्वी आणि त्यानंतरही तेल तपासणे योग्य ठरते.

लाल दिव्यावर विसंबणे धोक्याचे

चालकासमोरील फलकावर तेलाच्या झारीचे चित्र असलेला लाल दिवा तेलाची पातळी दाखवतो, असा गैरसमज व्यापक आहे. हा दिवा तेलाच्या दाबाशी निगडित असतो. पातळी बरीच खाली जाऊन पंप हवा ओढू लागतो, तेव्हाच दाब पडतो आणि दिवा लागतो. तोपर्यंत बेअरिंगची हानी सुरू झालेली असू शकते. दिवा लागताच गाडी सुरक्षित जागी थांबवून इंजिन बंद करावे. काही गाड्यांत पातळी दाखवणारी स्वतंत्र यंत्रणा असते, परंतु अनेक गाड्यांत डिपस्टिक हाच एकमेव आधार असतो.

धुराचा रंग काय सांगतो?

जळणाऱ्या तेलाचा धूर निळसर असतो. पूर्वी रस्तोरस्ती दिसणाऱ्या टू-स्ट्रोक स्कूटरचा निळा धूर पेट्रोलमध्ये मुद्दाम मिसळलेल्या तेलाचा असे. मोटारीच्या फोर-स्ट्रोक इंजिनातून तसा धूर येणे हे मात्र बिघाडाचे लक्षण होय. सकाळी गाडी सुरू करताना क्षणभर निळा धूर येत असेल, तर वॉल्व्हच्या सीलकडे संशय जातो. वेग वाढवताना तो सातत्याने येत असेल, तर रिंगा किंवा टर्बो तपासावा लागतो. आधुनिक गाड्यांतील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बराच धूर पचवत असल्याने धूर न दिसणे ही तेल जळत नसल्याची खात्री नव्हे. शिवाय तेलातील फॉस्फरसमुळे कन्व्हर्टरची क्षमता हळूहळू क्षीण होते. त्यामुळे तेल जाळणारी गाडी प्रदूषणातही भर घालते.

वाहनधारकांनी काय करावे?

महिन्यातून एकदा, किंवा दर 1000 किलोमीटरनंतर, गाडी सपाट जागी उभी करावी. इंजिन बंद केल्यावर काही मिनिटे थांबून डिपस्टिक पुसून पातळी पाहावी. डिपस्टिकवरील किमान व कमाल खुणांमधील अंतर बहुतेक गाड्यांत पाऊण ते एक लिटर तेलाचे असते. पातळी कमी असल्यास गाडीच्या माहितीपुस्तिकेत नमूद केलेल्या दर्जाचेच तेल थोडे थोडे घालावे. कमाल खुणेच्या वर तेल भरल्यास ते घुसळून फेसाळते आणि अधिकच जळते. खप कमी व्हावा म्हणून परस्पर दाट तेल वापरणेही टाळावे. पातळ तेलासाठी बनवलेल्या इंजिनाच्या अरुंद वाहिन्यांत, विशेषतः थंड इंजिन सुरू करताना, दाट तेल पोहोचण्यास विलंब होतो.

प्रत्येक वेळी किती किलोमीटरनंतर किती तेल घातले, याची नोंद ठेवावी. खप एकाएकी वाढल्यास प्रथम बाहेरची गळती, वायुवहनाची झडप व एअर फिल्टर तपासून घ्यावा. फिल्टर फाटका असल्यास आत शिरणारी धूळ रिंगा व सिलिंडर झिजवते. या तपासणीतून कारण हाती न लागल्यासच इंजिन उघडण्याचा विचार करावा. हमीच्या मुदतीत असलेल्या गाडीच्या बाबतीत अशी नोंद हाच कंपनीपुढे मांडता येणारा सर्वांत भक्कम पुरावा ठरतो.