संगणकज्ञांचा फावला वेळ

मुलगा संगणक शिकला की त्याच्या पोटापाण्याची चिंता मिटली, असा समज आज आपल्या देवळ्यातही पुष्कळ पालकांचा झालेला आहे. आणि त्यापायी मुलगा नववी-दहावीत गेला की बाजाची पेटी माळ्यावर जाते व चित्रांची वही रद्दीत पडते. "अभ्यास सोडून हा काय उद्योग?" असे बाप विचारतो. प्रश्न रास्त आहे. परंतु ज्या धंद्यासाठी मुलाकडून हा त्याग करविला जातो, त्या धंद्यातील नामांकित माणसे आपल्या फावल्या वेळाचे काय करीत आली, तेही पाहिले पाहिजे.

संगणक आपण होऊन काहीच करीत नाही. त्याला द्यावयाच्या आज्ञांची क्रमवार मांडणी म्हणजे प्रोग्राम, व ती करणारा तो सॉफ्टवेअर अभियंता. मोठे काम लहान तुकड्यांत तोडावयाचे, प्रत्येक तुकडा निर्दोष करावयाचा आणि मग सारे सांधावयाचे, ही त्याची रीत. माणूस अर्धे बोलणे समजून घेतो. यंत्र घेत नाही. म्हणून कोणतीही गोष्ट अगदी मुळापासून सांगण्याची सवय त्याच्या अंगी मुरते.

ही सवय कोठवर पोचते, हे श्री. अच्युत गोडबोले यांच्या उदाहरणावरून दिसेल. त्यांचा जन्म 1950 साली सोलापुरास झाला. मुंबईच्या आय.आय.टी.तून 1972 साली ते रासायनिक अभियांत्रिकीचे पदवीधर झाले. पुढे त्यांनी काही काळ साक्रीपलीकडील शहाद्यास (तेव्हा धुळे जिल्हा, 1998 पासून नंदुरबार) भिल्ल आदिवासींच्या चळवळीत काम केले व त्यापायी दहा दिवसांचा तुरुंगवासही सोसला. मग संगणकाचा व्यवसाय पत्करला, तो तीस वर्षांहून अधिक काळ; पटनी, सिंटेल, एल अँड टी इन्फोटेक अशा कंपन्यांत त्यांनी मोठ्या अधिकाराची पदे सांभाळली.

'ऑपरेटिंग सिस्टिम्स'सारखी इंग्रजी पाठ्यपुस्तके त्यांनी लिहिली, ती तर धंद्यातलीच. नवल आहे ते त्यांच्या मराठी ग्रंथांचे. 'किमयागार' शास्त्रज्ञांविषयी, 'अर्थात' अर्थशास्त्राविषयी, 'मनात' मानसशास्त्राविषयी. रागसंगीताची आवड जुनी. तिच्यातून 'नादवेध' झाला. यांतला एकही विषय त्यांच्या पदवीचा नव्हे. माझ्या मते अभियंत्याची तीच मुळापासून सांगण्याची रीत या पुस्तकांत उतरली आहे, आणि म्हणूनच अर्थशास्त्राचा गंध नसलेला वाचकही 'अर्थात' हाती धरू शकतो. आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. 'नादवेध'ला सुलभा पिशवीकर, 'गणिती'ला माधवी ठाकूरदेसाई, 'जीनियस' मालेला दीपा देशमुख अशी त्यांस सहलेखिकांची सोबत लाभली. फावल्या वेळचे काम एकट्याने रेटले तर बहुधा अर्ध्यावर राहते. सोबती असला म्हणजे पुढचे प्रकरण लिहावेच लागते!

आपल्या मुलांस शाळेत शिकविली जाणारी पायथॉन ही संगणकभाषासुद्धा फावल्या वेळाचेच अपत्य होय. 1989 सालच्या नाताळात कचेरी बंद असता ग्विदो व्हान रोसम या डच गृहस्थाने करमणुकीखातर ती रचावयास घेतली.

पण या वाटेस किंमतही आहे, आणि ती पालकांपासून लपविणे बरे नव्हे. अमेरिकेचे डोनाल्ड कनूथ हे संगणकशास्त्राचे मोठे आचार्य. आपल्या शास्त्रावरील त्यांच्या महाग्रंथाचा तिसरा खंड 1973 साली निघाला. 1977 साली दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते त्यांच्या हाती आली, तो अक्षरजुळणी अगदी कुरूप! ती सुबक व्हावी म्हणून त्यांनी स्वतःच 'टेक' नावाचा प्रोग्राम लिहावयास घेतला. वर्षभरात उरकेल असा अंदाज होता. लागली दहा वर्षे. जगभरचे गणिती आपले निबंध आजही त्यावरच जुळवितात. पण महाग्रंथाच्या चौथ्या खंडाचा पहिला भाग बाहेर पडावयास 2011 साल उजाडले. हा सौदा नफ्याचा की तोट्याचा, हे ज्याचे त्याने ठरवावे. मला तो नफ्याचा वाटतो.

याच कनूथांचे दुसरे काम आपल्या वाचकांस विशेष रुचेल. धान्याचा व्यापारी पोत्यात लोखंडी नळी खुपसून मूठभर दाणे काढतो व त्यावरून सबंध पोत्याची परीक्षा करतो. कनूथांनी पवित्र शास्त्र असेच पारखले. योहानकृत शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायातील सोळावे वचन सर्वांस पाठ असते. त्यांनी प्रत्येक पुस्तकातील त्याच ठिकाणचे वचन घेतले. काही पुस्तके फार आखूड, ती वगळून 59 वचने हाती आली. त्या प्रत्येकाचा त्यांनी अभ्यास केला, आणि देशोदेशीच्या सुलेखनकारांनी एकेक वचन आपल्या अक्षरांत रेखून दिले. हा ग्रंथ 1991 साली प्रसिद्ध झाला. सारीच वचने योहान 3:16 इतकी गोड निघाली नाहीत. काही कोरडी, काही कठोर. नमुना घ्यावयाचा म्हणजे निवड आपल्या आवडीवर सोडावयाची नाही, हे त्यामागील गणित होय.

कनूथ ऑर्गनही वाजवितात. प्रकटीकरणाच्या पुस्तकावर त्यांनी त्या वाद्यासाठी एक दीर्घ रचना बांधली. तिचा पहिला प्रयोग स्वीडनमधील पिटेओ गावी 10 जानेवारी 2018 रोजी झाला. त्या दिवशी त्यांस 80 वर्षे पूर्ण झाली होती, आणि महाग्रंथाच्या चौथ्या खंडाचा दुसरा भाग अजून लिहून व्हावयाचा होता. तो 2022 साली निघाला.