ड्रॅग टायर निवडताना : पाव मैल आणि परतीचा रस्ता

अमेरिकेतील अनेक लहान शहरांच्या वेशीबाहेर शनिवारी संध्याकाळी एक दृश्य नेहमी दिसते. आठवडाभर गॅरेजमध्ये झाकून ठेवलेली मस्टँग किंवा कमॅरो तिचा मालक स्वतः चालवत ड्रॅग स्ट्रिपवर आणतो, रांगेत उभी करतो आणि हिरवा दिवा लागताच पाव मैलाचे, म्हणजे सुमारे ४०२ मीटरचे अंतर बारा-तेरा सेकंदांत कापतो. अशा चार-पाच फेऱ्या झाल्या की तीच गाडी त्याच चाकांवर रात्री घराकडे निघते. वाटेत महामार्ग असतो, वळणे असतात आणि कधीकधी पाऊसही असतो.

या दुहेरी उपयोगासाठी टायरांचा एक वेगळा वर्ग तयार झाला आहे. स्पर्धेच्या टायरसारखी पकड देणारे आणि तरीही सार्वजनिक रस्त्यावर चालवण्यास कायद्याने मुभा असलेले हे ‘ड्रॅग रेडियल’. ते निवडताना बहुतेकांचे लक्ष पाव मैलाची वेळ किती घटेल याकडेच असते. टायरची खरी परीक्षा मात्र बहुधा परतीच्या वाटेवर होते.

पकड कुठून येते?

ड्रॅग शर्यतीत गाडी जागेवरून सुटते तेव्हा तिचे वजन मागे झुकते आणि इंजिनाची सारी ताकद दोन मागच्या चाकांच्या तळहाताएवढ्या भागातून जमिनीवर उतरते. ती पेलण्यासाठी निव्वळ शर्यतीच्या गाड्यांना ‘स्लिक’ टायर लावतात. त्यांचे रबर अतिशय मऊ असते आणि पृष्ठभागावर एकही खाच नसते. खाच नाही म्हणजे जमिनीला टेकणारे रबर अधिक. परंतु पाणी बाहेर फेकण्यासाठी वाटच नसल्याने असा टायर सार्वजनिक रस्त्यावर चालत नाही.

ड्रॅग रेडियल हा स्लिक आणि नेहमीचा टायर यांमधला तोडगा आहे. रबर मऊच असते. पण त्यावर मोजक्या खाचा कोरलेल्या असतात. काही टायरांवर त्या नेहमीच्या टायरच्या जवळ जाणाऱ्या, तर काहींवर नावापुरत्या दोन-चार रेघा. कायद्याच्या दृष्टीने दोन्ही रस्त्यावर चालतात. व्यवहारात त्यांच्यात फार अंतर आहे.

शिक्का काय सांगतो, काय सांगत नाही

अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या रस्त्याच्या टायरवर ‘डॉट’ ही अक्षरे असतात. तेथील परिवहन खात्याच्या सुरक्षा मानकांत टायर बसतो, असे निर्माता त्याद्वारे स्वतः प्रमाणित करतो. सरकार प्रत्येक टायर आधी तपासून शिक्का देते, ही समजूत चुकीची आहे. त्या शिक्क्यातून किमान पात्रता कळते. पावसातले वर्तन कळत नाही.

शिक्क्याबरोबर येणाऱ्या सांकेतिक क्रमांकातील शेवटचे चार अंक मात्र खरेदीदाराच्या उपयोगाचे आहेत. ‘२३२४’ असे अंक असतील तर तो टायर २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. मऊ रबर कालांतराने कडक होत जाते. म्हणून सवलतीत मिळणारा जुना साठा घेण्यापूर्वी हे अंक पाहणे आवश्यक ठरते.

बहुतेक टायरांच्या बाजूवर आणखी तीन श्रेण्या छापलेल्या असतात. पहिली झिजेची. १०० हा आधार धरला, तर २०० आकड्याचा टायर ठरावीक चाचणीमार्गावर त्याच्या दुप्पट टिकतो. कुटुंबाच्या नेहमीच्या मोटारीवर हा आकडा चारशे-पाचशेच्या घरात असू शकतो. ड्रॅग रेडियलवर तो १०० किंवा त्याहून कमी, काहींवर तर शून्य असतो. दुसरी श्रेणी ओल्या रस्त्यावरील पकडीची आणि तिसरी उष्णता सोसण्याच्या क्षमतेची. पकडीची श्रेणी ओल्या पृष्ठभागावर सरळ रेषेत ब्रेक लावून ठरवतात. वळणावरची पकड किंवा साचलेल्या पाण्यावरून घसरण्याची शक्यता त्या चाचणीत मोजली जात नाही. वरची श्रेणी पाहून पावसाळ्याबाबत निश्चिंत होणे म्हणूनच धोक्याचे आहे.

हवेचा दाब : विसरू नये अशी गोष्ट

ड्रॅग स्ट्रिपवर मागच्या चाकांतील हवा मुद्दाम कमी केली जाते. रस्त्यावर ३०–३५ पीएसआय असणारा दाब तेथे टायरच्या प्रकारानुसार पंधरा-वीसपर्यंत, कधी त्याहूनही खाली आणतात. दाब उतरला की टायर थोडा पसरतो आणि सुटताना अधिक रबर जमिनीला टेकते.

खरी चूक होते ती यानंतर. फेऱ्या आटोपल्या, अंधार पडला, मित्रांशी गप्पा झाल्या आणि हवा न भरताच गाडी महामार्गावर आली, तर दोन संकटे एकदम उभी राहतात. कमी हवेचा टायर वेगात सतत दुमडत राहतो आणि आतून तापत जातो. रस्ता ओला असेल तर तो पाण्यावर लवकर तरंगू लागतो.

अमेरिकेच्या ‘नासा’ संस्थेतील संशोधकांनी १९६० च्या दशकात विमानांच्या टायरांवर केलेल्या अभ्यासातून एक साधे गणित पुढे आले. पाण्यावर टायर तरंगू लागण्याचा वेग, नॉटमध्ये, हा दाबाच्या वर्गमुळाच्या सुमारे नऊपट असतो. त्यानुसार ३२ पीएसआय दाबाला हा वेग ताशी ९४ किलोमीटर येतो. १५ पीएसआयला तो ताशी ६५ किलोमीटरवर घसरतो. मोटारीच्या टायरला हे गणित तंतोतंत लागू पडत नाही, कारण खाचांची खोली आणि पाण्याची जाडी यांवरही बरेच अवलंबून असते. तरी दिशा स्पष्ट आहे. खाचा जितक्या कमी आणि हवा जितकी कमी, तितका सुरक्षित वेग खाली येतो. म्हणून ड्रॅग टायर घेणाऱ्याच्या डिकीत हवा भरण्याचा छोटा पंप आणि भरवशाचा दाबमापक असणे ही चैन मानता येणार नाही.

बांधणी, माप आणि भार

टायरच्या आतील धाग्यांची मांडणी दोन प्रकारची असते. तिरप्या थरांच्या टायरची बाजू सहज चुणते आणि सुटतानाचा झटका पचवते. गिअर हाताने बदलायच्या गाड्यांत तो अनेकांना आवडतो. रेडियलची बाजू त्या मानाने ताठ असते. वेगात तो अधिक स्थिर राहतो आणि रस्त्यावर सरळ चालतो. ज्या गाडीला घरी चालवतच परतायचे आहे, तिला रेडियल सोयीचा. पुढे रेडियल आणि मागे तिरप्या थरांचा, अशी सरमिसळ रस्त्यावर टाळावी. गाडीची दोन टोके वेगवेगळी वागू लागतात.

माप निवडताना रुंदीइतकेच महत्त्व उंचीला असते. टायरचा व्यास वाढला की गिअरचे गुणोत्तर बदलल्यासारखा परिणाम होतो आणि वेगदर्शक चुकीचा आकडा दाखवतो. चारही चाकांना ताकद मिळणाऱ्या गाडीत चारही टायरांचा व्यास सारखा ठेवावा लागतो. अन्यथा पुढच्या-मागच्या चाकांना जोडणाऱ्या यंत्रणेवर ताण येतो. भारांक गाडीच्या मूळ टायरपेक्षा कमी नसावा. अनेक ड्रॅग टायर दीर्घकाळच्या उच्च वेगासाठी बनवलेलेच नसतात, त्यामुळे वेगमर्यादेचे अक्षर तपासणेही आवश्यक आहे.

आणखी एक बाब बहुतेकांच्या नजरेतून सुटते. मागे ड्रॅग रेडियल आणि पुढे नेहमीचे टायर असतील, तर कोरड्या पट्टीवर मागची पकड जास्त असते. पावसात हे पारडे उलटते. खाचा नसलेली मागची चाके आधी सुटतात, पुढची रस्ता धरून राहतात आणि गाडी स्वतःभोवती फिरते.

कारखान्यातूनच आलेला धडा

या साऱ्याचे ठळक उदाहरण म्हणजे २०१८ ची डॉज डेमन. कारखान्यातून थेट ड्रॅग रेडियल लावून आलेली ही गाडी. तिच्या चारही चाकांना ३१५ मिलिमीटर रुंदीचे, १८ इंची निट्टो टायर होते. कंपनीने पाव मैलासाठी ९.६५ सेकंद ही वेळ जाहीर केली. १९५१ साली स्थापन झालेल्या एनएचआरए या संघटनेच्या नियमानुसार दहा सेकंदांच्या आत धावणाऱ्या गाडीला संरक्षक पिंजरा लागतो. तो नसल्याने मूळ रूपातील डेमनला त्या वेळेने तेथे धावता येत नव्हते. तीच गाडी रस्त्यावर चालवणे मात्र कायदेशीर होते. कायद्याची परवानगी आणि सुरक्षितता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे याहून स्पष्ट कसे दिसावे?

आपल्याकडे काय?

भारतात ड्रॅग शर्यतीची हौस नवी नाही. लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘द व्हॅली रन’ भरत आली आहे आणि तेथे दूरदूरचे हौशी आपल्या गाड्या आणतात. परंतु अमेरिकेचा ‘डॉट’ शिक्का येथे पुरेसा नाही. २००९ च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशानुसार मोटारीच्या टायरवर आयएसआय चिन्ह आवश्यक आहे आणि जून २०२० पासून नव्या टायरांची आयात निर्बंधित वर्गात आहे. मोटारीच्या टायरवरील खाचेची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी झाली तर तो रस्त्यावर चालवता येत नाही. मोकळ्या महामार्गावर रात्री लावल्या जाणाऱ्या शर्यतींबाबत तर शंकेला जागाच नाही : मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार राज्य सरकारच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे हा गुन्हा आहे.

त्यात पाऊस. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. घाटाच्या वळणावर लाल मातीचे पाणी वाहत असताना नावापुरत्या खाचांचा टायर म्हणजे संकटाला आमंत्रण. येथील हौशी मालकाला चांगल्या खाचांचा, ओल्या रस्त्याची खात्री असलेला उच्च कामगिरीचा टायरच योग्य. त्याने धावपट्टीवरचे काही दशांश सेकंद जातील. घरी पोहोचण्याची शाश्वती मिळेल.

निवडीची कसोटी

निर्णय घेण्यापूर्वी तीन प्रश्नांची प्रामाणिक उत्तरे द्यावीत. वर्षातून किती दिवस गाडी खरोखर पट्टीवर उतरणार? पट्टी घरापासून किती दूर आहे आणि वाटेत पाऊस गाठण्याची शक्यता किती? टायर बदलण्यासाठी दुसरा चाकांचा संच ठेवणे परवडेल का?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असेल तर बाकीचे बरेच सोपे होते. अमेरिकेत ‘हॉट रॉड’ मासिकाने २००५ पासून भरवलेल्या ‘ड्रॅग वीक’मध्ये स्पर्धक पाच दिवसांत वेगवेगळ्या पट्ट्यांवर धावतात आणि मधला सुमारे हजार मैलांचा प्रवास त्याच गाडीने करतात. त्यांतील अनेकांच्या मागे एक छोटी ट्रेलर असते आणि तिच्यात पट्टीवरचे टायर बांधलेले असतात. फेरी संपली की ते जॅक लावतात, चाके बदलतात आणि मगच रस्त्याला लागतात. ड्रॅग टायरचा कस ज्यांना सर्वांत चांगला ठाऊक आहे, तीच माणसे घरचा रस्ता धरताना तो उतरवून ठेवतात.