विश्लेषण : घरच्या सर्व्हरसाठी जुना संगणक खरंच ‘फुकट’ पडतो?

फोनमधली जागा संपली की क्लाउडचे मासिक भाडे सुरू होते. ते वाचवण्यासाठी अनेक जण माळ्यावरचा जुना डेस्कटॉप खाली काढतात, त्यात लिनक्स टाकतात आणि फोटोंचा बॅकअप, टीव्हीवर पाहायचे चित्रपट, सीसीटीव्हीचे रेकॉर्डिंग असे सगळे त्याच्यावर सोपवतात. यंत्र फुकटचे, सॉफ्टवेअरही फुकटचे. खर्च होतो तो विजेच्या बिलात. आणि तिथे तो वेगळा छापून येत नसल्याने लक्षातही येत नाही.

एका वॉटची किंमत किती?

सर्व्हर वर्षाचे ८,७६० तास चालू राहतो. म्हणजे सतत लागणारा प्रत्येक वॉट वर्षाला जवळपास पावणेनऊ युनिट खातो. हिशेबापुरता युनिटचा दर १० रुपये धरला, तर एका वॉटचे वर्षाला सुमारे ८८ रुपये होतात. जुना डेस्कटॉप काहीही काम न करता साधारण ४० ते ६० वॉट घेतो. ५० धरले तर महिन्याला ३६ युनिट. वर्षाला ४३८ युनिट, म्हणजे ४,३८० रुपये.

यात एक मेख आहे. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत : १०० युनिटपर्यंत एक, १०१ ते ३०० दुसरा, ३०१ ते ५०० तिसरा. सर्व्हरचे युनिट घरातल्या आधीच्या वापरावर चढतात, त्यामुळे त्यांना सरासरी नव्हे, तर वरच्या टप्प्याचा दर लागतो. महिन्याला २८० युनिट वापरणारे घर सर्व्हरमुळे ३१६ वर जाते आणि शेवटचे १६ युनिट पुढच्या टप्प्यात पडतात. तेव्हा हिशेबासाठी दर घ्यायचा तो आपल्याच बिलातल्या वरच्या टप्प्याचा, वहन आकार आणि वीज शुल्कासह.

यंत्र निवडताना काय पाहायचे?

घरचा सर्व्हर दिवसातला बहुतेक वेळ रिकामा बसलेला असतो. त्यामुळे तो जोरात पळताना किती वीज घेतो यापेक्षा बसल्या बसल्या किती घेतो, हा आकडा महत्त्वाचा. दुकानदार मात्र प्रोसेसरचा ‘टीडीपी’ सांगतो. तो उष्णतेच्या नियोजनासाठीचा आकडा आहे. त्यावरून बिल काढता येत नाही.

खरी गळती अनेकदा एसएमपीएसमध्ये असते. ‘८० प्लस’चे ब्रॉन्झ, गोल्ड हे शिक्के २०, ५० आणि १०० टक्के भारावरच्या चाचणीवर मिळतात. ५५० वॉटच्या एसएमपीएसवर २० वॉटचा सर्व्हर म्हणजे जेमतेम ४ टक्के भार. तिथे तो किती वीज वाया घालवतो, याबद्दल गोल्डचा शिक्का काहीच सांगत नाही. जुने ग्राफिक्स कार्ड राहिले असेल, तर तेही काम नसताना वीज खात राहते. ते काढून टाकणे हा बिनखर्चाचा उपाय.

म्हणूनच लॅपटॉपसारख्या अॅडॅप्टरवर चालणारे छोटे पीसी इथे सरस ठरतात. २०२३ च्या सुरुवातीला आलेल्या इंटेल एन१०० चिपचे मिनी पीसी रिकामे असताना साधारण ६ ते १० वॉट घेतात. कार्यालयांतून निघालेले थिंकसेंटर टायनी, ऑप्टिप्लेक्स मायक्रो असे वापरलेले छोटे पीसी १० ते १५ वॉटमध्ये भागवतात. रास्पबेरी पाय ५ त्याहून कमी, ३-४ वॉटमध्ये बसते. मात्र तिच्यात व्हिडीओ एन्कोड करणारे हार्डवेअर नाही. चित्रपट टीव्हीला चालेल अशा रूपात बदलून पाठवायचा असेल, तर इंटेलच्या चिपमधले ‘क्विक सिंक’ ते काम कमी विजेत करते.

आता परतावा पाहा. ५० वॉटच्या डेस्कटॉपऐवजी १२ वॉटचा वापरलेला पीसी घेतला, तर वर्षाला सुमारे ३,३०० रुपये वाचतात. तो १० हजारांना पडला, तर तीन वर्षांत पैसे वसूल. पण घरात १० वॉटवर चालणारा जुना लॅपटॉप असेल आणि ७ वॉटचा नवा पीसी घेण्याचा मोह होत असेल, तर बचत होते वर्षाला जेमतेम २६० रुपये. ही खरेदी हौसेची म्हणावी, काटकसरीची नाही. लॅपटॉपला बॅटरीचा आधारही असतो. वीज गेली तरी काम चालू राहते. फक्त चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवावी आणि बॅटरी फुगलेली दिसली तर यंत्र तत्काळ बंद करावे.

डिस्कचा खर्च वेगळा

३.५ इंची हार्ड डिस्क नुसती फिरत राहायला ४ ते ६ वॉट घेते. अशा चार जुन्या डिस्क लावल्या, तर संगणकापेक्षा डिस्कच जास्त वीज खातात. त्याऐवजी एक मोठी डिस्क घेणे बरे. (बॅकअपची दुसरी डिस्क कपाटात, बंद ठेवलेलीच चांगली.) ऑपरेटिंग सिस्टीम एसएसडीवर ठेवली की मोठ्या डिस्कला अधूनमधून झोपू देता येते. पण दर पाच मिनिटांनी थांबणारी-सुरू होणारी डिस्क लवकर झिजते.

रात्रभर चालू ठेवायलाच हवा का?

केवळ फोटोंचा बॅकअप घ्यायचा असेल, तर नाही. बहुतेक डेस्कटॉपच्या बायोसमध्ये ठरावीक वेळी आपोआप सुरू होण्याची सोय असते. तोच ५० वॉटचा डेस्कटॉप रोज दोन तास चालला, तर वर्षाला साडेछत्तीस युनिट, म्हणजे ३६५ रुपये लागतात. नवीन काही घेण्याची गरजच उरत नाही. सीसीटीव्हीसाठी अर्थातच हे चालणार नाही.

मोजायचे कसे?

सॉकेटमध्ये लावायचा वॉटमीटर किंवा वीज मोजणारा स्मार्ट प्लग सर्वांत सोपा. तो नसेल, तर घरच्या मीटरवर लुकलुकणारा लाल दिवा आहे. त्याच्याशेजारी ‘३२०० इम्प/केडब्ल्यूएच’ असा आकडा छापलेला असतो, म्हणजे एका युनिटला ३,२०० लुकलुकी. फ्रिजसकट घरातले बाकी सगळे थोडा वेळ बंद करून फक्त सर्व्हर चालू ठेवावा आणि दोन लुकलुकींमधले सेकंद मोजावेत. ११२५ ला त्या सेकंदांनी भागले की वॉट मिळतात. दिवा साडेबावीस सेकंदांनी लुकलुकला तर ५० वॉट, दीड मिनिटाने लुकलुकला तर साडेबारा. मीटरवरचा आकडा ३,२०० नसेल, तर ३६ लाखांना त्या आकड्याने भागून ११२५ च्या जागी येणारी संख्या घ्यावी.