हुद्दा आणि काम

निजामाच्या राजवटीत आपल्या मराठवाड्यात माली पटेल सारा वसूल करी, पोलीस पटेल बंदोबस्त पाही आणि पटवारी दप्तर लिही. हुद्दा उच्चारला की काम कळे. आजच्या बँका, पतसंस्था आणि विमा कंपन्या यांचे तसे नाही. तेथे छातीवरची पाटी एक सांगते आणि टेबलावरचे काम दुसरेच. हा नुसता शब्दांचा घोळ असता तर श्रोत्यांचा वेळ मी घेतला नसता. पण या शब्दांवर माणसाची भाकरी ठरते.

गावातला मुलगा खाजगी बँकेत ‘असिस्टंट मॅनेजर’ म्हणून लागला की घरी पेढे वाटतात. वाटावेत. पण तो दिवसभर करतो काय? खाते उघडण्याचे अर्ज भरून घेतो, विम्याच्या पॉलिस्या खपवितो आणि संध्याकाळी ठरवून दिलेला आकडा का गाठला नाही याचा जबाब देतो. त्याच्या हाताखाली एक माणूस नसतो. कर्ज मंजूर करणे दूरच, शिपायाची रजाही त्याच्या सहीने मिळत नाही. मग एवढे भारदस्त नाव कशासाठी? नाव द्यायला पैसा पडत नाही, हे एक. आपण साहेबाशी बोलतो आहोत असे गिऱ्हाइकाला वाटते, हे दुसरे. तिसरे कारण कायद्यात दडलेले आहे.

१९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने ‘कामगारा’ला नोकरीचे संरक्षण दिले आणि व्यवस्थापकीय काम करणाऱ्याला त्याबाहेर ठेवले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता आली. रेघ तिनेही कायम ठेवली. देखरेखीचे काम करून दरमहा १८,००० रुपयांहून अधिक मिळविणाराही बाहेरच. म्हणून मुलाला कामावरून काढले की मालक म्हणतो, हा तर मॅनेजर, याचा वाद कामगार न्यायालयात कसला!

न्यायालय मात्र पाटी वाचून थांबत नाही. साऊथ इंडियन बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे असाच प्रश्न आला होता. माणूस ‘अकाउंटंट’ होता. बँकेच्या मते तो अधिकारी. न्यायालयाने त्याचे मुख्य काम पाहिले. ते कारकुनी ठरले, आणि तो कामगार ठरला.

आता उलट बाजू पाहा. पिग्मीवाला आपल्या बाजारपेठेत सर्वांच्या ओळखीचा. सिंडिकेट बँकेने ही योजना १९२८ साली सुरू केली. उन्हापावसात दुकानोदुकानी फिरून दहा-वीस रुपये गोळा करणारा हा माणूस कागदावर ‘एजंट’, म्हणजे जणू स्वतंत्र व्यापारी! इथे नाव लहान केले की माणूस नोकरच उरत नाही. हैदराबादच्या औद्योगिक न्यायाधिकरणाने १९८८ साली या ठेव-संकलकांच्या बाजूने निवाडा दिला. बँका भांडत वर गेल्या. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हे कामगारच होत आणि त्यांचे कमिशन हे वेतनच होय. कायम कारकुनाची श्रेणी त्यांना मिळाली नाही, हेही सांगितले पाहिजे. पण ग्रॅच्युइटीसारखे हक्क पदरात पडले.

या घराण्यातला सर्वांत गोड शब्द म्हणजे ‘बँकमित्र’. रिझर्व्ह बँकेने २००६ साली अशा प्रतिनिधींना परवानगी दिली आणि २०१४ च्या जनधन योजनेनंतर ते गावोगाव दिसू लागले. म्हातारी निराधाराचे पैसे काढायला त्याच्याकडेच जाते, तिच्या लेखी तोच बँक. बँकेच्या हजेरीपटावर त्याचे नाव नसते. पुष्कळदा मध्ये एक कंपनी असते आणि त्याला मिळते ते व्यवहारामागे कमिशन. मित्राला पगार कोण देतो?

तेव्हा घरातले कोणी या धंद्यात असेल तर नेमणूकपत्र जपून ठेवाच, पण तेवढ्यावर राहू नका. रोजचे काम कोण नेमून देतो, रजा कोण मंजूर करतो, लेखी ताकीद कोणाच्या सहीने येते, पैसा कोणाच्या खात्यातून जमा होतो, हे दाखविणारा कागदाचा प्रत्येक चिटोरा आणि मोबाइलवरचा प्रत्येक हुकूम तारखेनिशी सांभाळा. वाद उभा राहिला की साक्षीला तेच येतात.