कार्ड टेकवण्याआधीचं मोजमाप

७ मार्च २०१९ ला खापरी–सीताबर्डी मेट्रो धावू लागली आणि वर्ध्याकडून नागपूरला जाणाऱ्या आम्हा नालवाडीकरांच्या वाटेवरही गेटला कार्ड टेकवणं आलं. त्याच आठवड्यात, ४ मार्चला, देशभर चालणाऱ्या ‘नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड’ची सुरुवात झाली होती. मुंबईला ही सवय वर्सोवा–घाटकोपर मेट्रोनं २०१४ मध्येच लावली. पुण्याची मेट्रो आली २०२२ मध्ये. बँकेच्या कार्डावर पिन न टाकता द्यायची मर्यादा दोन हजारांवरून १ जानेवारी २०२१ पासून पाच हजार झाली.

या वर्षांत बोलणं झालं ते पैशांचं आणि सोयीचं. कार्ड आपल्या हाती येण्याआधी ज्या उपकरणावर तपासलं जातं, त्याची दखल फारशी कुणी घेतली नाही. ती घ्यायला हवी.

कार्डात बॅटरी नसते. कार्ड वाचणाऱ्या मशीनमधल्या वेटोळ्याभोवती १३.५६ मेगाहर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र असतं. चिप त्यातूनच वीज घेते आणि त्यातच आपलं उत्तर मिसळते. हे उत्तर अगदी क्षीण असतं. ते पकडायची रीत आयएसओ १०३७३-६ या मानकानं घालून दिली. तपासणीच्या उपकरणात मधोमध १५० मिलिमीटर व्यासाचा अँटेना, त्याच्या दोन्ही अंगांना ३७.५ मिलिमीटरवर एकेक वेटोळं, आणि ही दोन्ही वेटोळी उलटसुलट जोडलेली. अँटेनाचा प्रभाव दोन्हींत सारखा पडतो आणि वजा होऊन जातो. एका अंगाला ठेवलेल्या कार्डाचं उत्तर तेवढं ऑसिलोस्कोपवर उरतं. मला ही मांडणी फार देखणी वाटते. मग क्षेत्राची तीव्रता १.५ पासून ७.५ अँपिअर प्रति मीटरपर्यंत चढवत नेतात. नेहमीच्या आकाराचं कार्ड या टप्प्यात कुठंही गप्प बसलं, की नापास. मशीन तपासताना प्रमाणित संदर्भ-कार्ड वेगवेगळ्या अंतरांवर धरून क्षेत्र मोजतात.

काटेकोर मोजणं नालवाडीला नवं नाही. १९३० च्या दशकात विनोबांनी इथंच सूत कातून, मोजून, त्याच्या मजुरीवर स्वतः राहून पाहिलं होतं.

प्रयोगशाळेत पास झालेलं मशीन प्रत्यक्ष जागी बसलं, की आसपासच्या धातूनं त्याचं क्षेत्र बदलू शकतं. कार्ड लागलं नाही, की रांगेतल्या म्हाताऱ्या माणसाला वाटतं, आपल्यालाच जमत नाही. दुकानातल्या काट्यावर वैधमापनाचा शिक्का असतो. तशीच गेटची आणि पैसे घेणाऱ्या मशीनची जागेवर जाऊन नियमित मोजणी व्हावी, आणि तिची तारीख प्रवाशाला दिसेल अशी तिथंच लावावी.