यादीत नसलेलं जनावर

मांजरसुंब्याच्या चौकातला नालबंद दिवाळीनंतर गाव सोडून गेला. पुण्याकडे एका घोडेस्वारीच्या क्लबात महिन्याच्या पगारावर लागला म्हणे. त्याचं भलंच झालं. ऊसतोडीला निघणाऱ्या बैलांच्या खुरांना पत्र्या ठोकून त्याचं घर चालायचं, घोड्याचे नाल हा जोडधंदा. पण धुळे-सोलापूरचा रस्ता आणि नगरकडून केज-अंबाजोगाईला जाणारा रस्ता जिथे एकमेकांना छेदतात, तिथेच तो बसायचा. त्यामुळे पाटोदा, चौसाळा, नेकनूर, सगळीकडची घोडी त्याच्यापुढे येऊन उभी राहायची. कुठल्या घोडीच्या कुठल्या खुरात काय खुपतंय, हे आमच्या खात्याच्या रजिस्टरापेक्षा त्याला जास्त ठाऊक. आता नाल सैल झाला की माणसं मला फोन करतात. मी जनावरांचा डॉक्टर, तोही निवृत्त. मला खूर तपासता येतो, नाल मारता येत नाही.

हे एवढं लागलं नसतं. पण त्याच्या आधीच, जुलै 2025 मध्ये, राज्य मंत्रिमंडळाने पशुसंवर्धनाला शेतीच्या बरोबरीचा दर्जा दिला. वीज, कर्ज, कर यांत सवलती. आमच्या जुन्या सहकाऱ्यांनी पेढे वाटले आणि मीही खाल्ले. निर्णय चांगलाच आहे. मग यादी वाचली. दुभती जनावरं आहेत, शेळ्या-मेंढ्या आहेत, कोंबड्या आहेत, वराह आहेत. घोडा नाही, गाढव नाही, खेचर नाही. नोकरीभर हेच ऐकलं होतं: ‘साहेब, घोडं आपल्यात बसत नाही.’ निवृत्तीनंतर ते मंत्रिमंडळाकडूनही ऐकायचं होतं.

आकडे माझ्या बाजूने नाहीत, हे कबूल. 2012 च्या पशुगणनेत देशात सव्वासहा लाख घोडी-तट्टं होती; 2019 ला ती साडेतीन लाखांच्याही खाली आली. गाढवं तर सव्वातीन लाखांवरून सव्वा लाखाच्या आत. जे कमी होतंय त्याला डॉक्टर कशाला, असा हिशेब मुंबईत बसून करता येतो. चौकात उभं राहून करता येत नाही, कारण उरलेलं प्रत्येक घोडं इथे कुणाच्या तरी भाकरीला बांधलेलं असतं. वरातीची नुकरी, वीटभट्टीवरची गाढवं, बालाघाटाच्या माळावर धनगरांच्या वाड्याबरोबर बिऱ्हाड, कोकरं आणि कोंबड्या वाहणारी तट्टं.

जुना इतिहास मी भरभर उरकतो, कारण त्यात मला रस नाही आणि भाषणं करणाऱ्यांना फार आहे. अंबाजोगाई मोमिनाबाद होती तेव्हा तिथे हैदराबाद कंटिन्जंटचं घोडदळ असायचं. नांदेडकडे माळेगावला खंडोबाच्या यात्रेत घोडी विकली जायची, अजूनही जातात. सैन्याच्या घोड्याला साळोत्री, म्हणजे घोड्यांचा वैद्य, मिळायचा, कुणब्याच्या तट्टाला डाग मिळायचा. 1960 मध्ये आफ्रिकन हॉर्स सिकनेस देशात शिरला आणि घोडी पटापट मेली, असं म्हातारे टांगेवाले सांगायचे. पुढे टांगे गेले, टमटम आल्या. परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात माझी पिढी शिकली ती गाय धरून. संकरित वासरू आणि दूध महापूर यांचे दिवस होते ते. घोड्याचं शरीर पुस्तकात होतं, हाताखाली क्वचितच आलं.

मला बोलायचंय ते 2006 नंतरच्या दहा वर्षांबद्दल.

त्या साली पुणे-पाचगणीकडच्या घोड्यांत ग्लँडर्स निघाला. नाकातून चिकट शेंबूड, नाकपुडीत व्रण, पायांवर गाठी येऊन फुटणं. जंतू माणसालाही लागतो. लस नाही. घोड्यावर उपचार करायचे नाहीत. चाचणीत दोषी ठरलं की मारायचं आणि चुना टाकून खोल पुरायचं. हातात कायदा होता 1899 सालचा! तो 2009 च्या नव्या कायद्यात विलीन होईपर्यंत त्याच्याच आधाराने एकविसाव्या शतकातली घोडी मारली गेली. मारण्याबद्दल माझी तक्रार नाही. ज्या रोगात मालकाचं पोरही जाऊ शकतं, तिथे दुसरा मार्ग नसतो.

तक्रार वेगळी आहे. आम्हाला हुकूम आला की भागातल्या घोड्या-गाढवांचं रक्त काढा, नमुने हिसारच्या राष्ट्रीय अश्व अनुसंधान केंद्राकडे जातील. आयुष्यात पहिल्यांदा खात्याची जीप घोडेवाल्याच्या दारात थांबली, आणि थांबली ती रक्त काढायला. ‘हे पॉझिटिव्ह आलं तर मारणार,’ हे आम्ही सांगितलं. ‘ह्याच्या पायाची सूज बघतो,’ हे सांगायला आमच्याकडे औषध नव्हतं. भट्टीवरच्या माणसांनी दुसऱ्याच रात्री गाढवं घाटाखाली हलवली. माझ्या तेव्हाच्या वरिष्ठांनी त्यांना अडाणी ठरवलं. बैठकीत तो शब्द मी ऐकला, तो अजून डोक्यातून गेलेला नाही. ज्याच्या दारात सरकार फक्त फाशीचा कागद घेऊन येतं, त्याने दार लावलं तर त्यात अडाणीपणा कसला? जनावराचे दोन उपचार आधी केले असते, एक धनुर्वाताची सुई दिली असती, तर त्यांनी स्वतःहून रक्त काढू दिलं असतं. हे मी लिहून दिलं होतं. उत्तर आलं नाही.

त्याच सुमाराला चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका गुराख्याच्या रक्तात सर्ऱ्याचे परजीवी सापडल्याची बातमी जगभर गेली होती. गोमाशी चावून घोड्या-उंटांना होणारा हा रोग माणसात निघाल्याची ती पहिलीच पक्की नोंद. तापाने खंगलेलं, पोटाखाली पाणी साचलेलं घोडं दिसलं की पहिल्यांदा रक्ताची काच बघायची, हे तेव्हा तरी प्रत्येक दवाखान्यात रुजायला हवं होतं. सूक्ष्मदर्शक कपाटात होता. कपाटाची चावी शिपायाकडे आणि शिपाई रजेवर.

2008 मध्ये जम्मूकडच्या कटऱ्याच्या खेचरांपासून इन्फ्लुएन्झा सुरू झाला आणि अनेक राज्यांत फिरला. शर्यतीच्या घोड्यांना लस होती. आमच्याकडे तो आला की नाही, हे कुणी तपासलंच नाही. खोकणारी घोडी मी पाहिली, लग्नसराईत. ताप जितके दिवस तितके आठवडे विश्रांती, असा घोड्याच्या तापाचा साधा नियम आहे. पण बुकिंग घेतलेल्या मालकाला तीन आठवडे सांगितले तर तो हसायचा. इथे माझं भांडण मालकांशीही आहे. डीजेच्या भिंतीपुढे तापलेलं घोडं नाचवायचं, वऱ्हाडाने त्याला जिलेबी भरवायची, आणि पहाटे ते लोळायला लागलं की मला उठवायचं. लंगडणाऱ्या पायाला तापल्या सळईचे डाग द्यायचे आणि चार दिवसांनी पिकलेला डाग दाखवायला आणायचं. भोवरे बघून पाच-पाच लाखांना घोडी घेणारे धुरंधर मी पाहिलेत. देवमण कुठे आणि खोड कुठली हे त्यांना तोंडपाठ. घोडीचे दात शेवटचे कधी घासले, हे विचारलं की गप्प.

मग दुष्काळ. 2012-13 चा. चारा छावण्या उघडल्या, गुरांची रांग लागली. एका धनगराने आपली घोडी छावणीत आणली, तर चालकाने सांगितलं की मोठं जनावर म्हणजे गाय, बैल, म्हैस; घोडीचं बिल निघत नाही. तो छावणीबाहेर बसून आतल्या लोकांनी टाकलेलं उसाचं वाढं घोडीला घालायचा. वाळकं वाढं, वर पाणी टँकरचं आणि मोजून. व्हायचं तेच झालं: आतड्यात गोळा अडकला.

गायीचं पोट फुगलं तर कुशीत ट्रोकार खुपसून हवा काढता येते, प्रत्येक कंपाउंडरला ते येतं. घोड्याचं पोट ही वेगळी वस्तू आहे. जठर शरीराच्या मानाने लहान, आणि घोड्याला ओकता येत नाही. वर दाब वाढत गेला की जठर फुटतं. म्हणून नाकातून लांब नळी घालून आधी वरचा दाब काढायचा, मग त्याच नळीतून लिक्विड पॅराफिन आणि पाणी सोडायचं. ती नळी आमच्या भांडारात नव्हती. मागणी केली की ‘अश्ववर्गीय संख्या नगण्य’ असा शेरा मारून कागद परत. लोक मग बाटलीने तेल पाजायचे. अर्धं फुप्फुसात जायचं आणि पोटातून वाचलेलं घोडं न्यूमोनियाने मरायचं. गुंगीच्या इंजेक्शनचंही तसंच. झायलाझीन गायीला जेवढं पुरतं त्याच्या दहापट घोड्याला लागतं. हात गायीवर बसलेले, त्यामुळे घोडं अर्धवट गुंगीत लाथा झाडायचं आणि आमचे डॉक्टर म्हणायचे, घोडं द्वाड आहे. त्या धनगराची घोडी वाचली, पण ती सरकारी नळीने नव्हे. बीडमधून एका पाइपवाल्याकडून मऊ नळी आणली, टोक तासून घेतलं.

त्या दशकातली एक गोष्ट मला कायम खटकत राहिली. आपल्याकडे कापसात, उसात साप चावला की प्राथमिक आरोग्य केंद्रात जी लस टोचतात, ती घोड्याच्या रक्तातून होते. विषाची थोडी थोडी मात्रा देऊन घोडा तयार करायचा, मग त्याच्या रक्तातली प्रतिद्रव्यं वेगळी काढायची. हाफकिनच्या पिंपरीच्या पागेत हे काम पिढ्यान्‌पिढ्या चाललं. पूनावालांच्या स्टड फार्मवरची निवृत्त घोडीही पूर्वी हाफकिनला जायची. त्यातूनच 1966 मध्ये सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. म्हणजे बीड जिल्ह्यात दर पावसाळ्यात माणसं घोड्याच्या जिवावर घरी परततात, आणि त्याच केंद्राशेजारच्या जनावरांच्या दवाखान्यात घोड्यासाठी एक नळी नसते. हे मी एका सभेत बोललो. अध्यक्ष म्हणाले, विषयाला धरून बोला.

नंतरच्या वर्षांचं काय सांगायचं? घाटातला रस्ता रुंद झाला, नालबंदाच्या बैठकीची जागा दोनदा हलली. जनावरांच्या मदतीसाठी 1962 हा फोन नंबर आला, फिरती पथकं आली. गायीसाठी ती धावतात, मी पाहिलंय. सारंगखेड्याच्या घोडेबाजाराचा ‘चेतक फेस्टिव्हल’ झाला, तंबू लागले, घोड्यांच्या किमतींच्या बातम्या येऊ लागल्या. नव्या पैशाची मारवाडी घोडी आली. त्यांचे डॉक्टर पुण्याहून व्हिडिओ कॉलवर असतात. आणि अलीकडे जनावरांच्या जाती नोंदवणाऱ्या कर्नालच्या संस्थेने भीमथडी घोड्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. मेंढरांमागे फिरणारं ते काटक तट्टू अखेर कागदावर आलं. पण ज्या धनगराने ते टिकवलं, त्याच्या हाती त्या कागदाने अजून काहीही दिलेलं नाही.

म्हणून हल्ली घोडं घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मी तेच सांगतो. कोंबडीखाद्य घोड्याजवळ ठेवायचं नाही. त्यात मोनेन्सिन असलं तर कोंबडीला चालणारी मात्रा घोड्याचं हृदय बंद पाडते. चंदी बदलायची तर आठवडाभरात हळूहळू. पोट दुखायला लागलं की चारा काढून घ्यायचा, बाटलीने काहीही पाजायचं नाही, आणि जबड्याखालच्या शिरेवर बोट ठेवून मिनिटभर ठोके मोजायचे. निवांत घोड्याचे अठ्ठावीस ते चव्वेचाळीस असतात. पन्नासच्या आसपास असले तर मला फोन करा, नळी माझ्याकडे आहे. साठच्या पुढे गेले तर मलाही नको आणि तालुक्यालाही नको. पिकअप ठरवा आणि सरळ परभणी नाहीतर उदगीरचं कॉलेज गाठा. भाडं किती होईल ते आधीच विचारून ठेवा, कारण रात्री दोन वाजता गाडीवाला दुप्पट सांगतो.