जांघेतला हर्निया: दुर्बीण की उघडं ऑपरेशन?

जांघेत गाठ येते, खोकलं की फुगते, आडवं झालं की आत जाते. पट्टा बांधून हा हर्निया बरा होत नाही. ऑपरेशनच लागतं आणि बहुतेकदा जाळी बसवतात. प्रश्न एवढाच, कुठून?

उघड्या पद्धतीत जांघेवर छेद घेऊन जाळी पुढून शिवतात. तेवढाच भाग बधिर करूनही हे जमतं, म्हणून हृदयविकार असलेल्या आजोबांना तीच सोयीची. दुर्बिणीत तीन छोट्या छेदांतून जाळी स्नायूंच्या मागे अंथरतात. पोटाचा दाबच तिला जागेवर धरतो. दुखणं कमी, कामावर लवकर रुजू होता येतं; पण बहुधा पूर्ण भूल लागते आणि बिलही फुगतं. हर्निया दोन्हीकडे असेल, किंवा उघड्या ऑपरेशननंतर परतला असेल, तर माझं मत दुर्बिणीलाच.

मात्र हात सरावलेला हवा. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत झालेला अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. दोन वर्षांत दुर्बिणीनंतर सुमारे १० टक्के, तर उघड्या पद्धतीनंतर ५ टक्के रुग्णांचा हर्निया परतला. दुर्बिणीची २५०हून अधिक ऑपरेशनं केलेल्या सर्जनांच्या हाती मात्र हे प्रमाण सुमारे निम्म्यावर आलं. तेव्हा सर्जनना बिनदिक्कत विचारा, ‘डॉक्टर, अशी किती केलीत?’